गुलाबांशेजारी एक टेबल

फेब्रुवारी लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच दिवशी दोन मेसेज येतात. सकाळी कुणीतरी पुष्पप्रदर्शनाचं निमंत्रण टाकतं. गुलाब, बोन्साय, कुंडीतल्या भाज्या, मुलांसाठी मातीकाम, संध्याकाळी सुगम संगीत आणि बाहेर पडताना गांडूळखताची पिशवी. संध्याकाळी दुसरं कुणीतरी वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या नोटिशीचा फोटो टाकतं: रस्त्याच्या कामात बाधित होणाऱ्या वृक्षांबाबत नागरिकांच्या हरकती मागवण्यात येत आहेत. मग जुंपते. एक गट म्हणतो, एका हाताने झाडं तोडायची आणि दुसऱ्या हाताने डेलियाला बक्षीस द्यायचं, हे ढोंग बंद करा. दुसरा म्हणतो, चार घटका फुलं तरी सुखाने बघू द्या, प्रत्येक गोष्टीत राजकारण कशाला आणता? रात्री अकराच्या सुमाराला अ‍ॅडमिन ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ असं करून झोपतो, आणि वाद पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तहकूब होतो.

मला यातली एकही बाजू पटत नाही. वरवर ही दोन टोकं दिसतात, पण दोघांनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकलेली आहे: फुलांचं खातं वेगळं आणि कुऱ्हाडीचं खातं वेगळं. एकाला पहिलं खातं बंद करायचंय, दुसऱ्याला दुसऱ्या खात्याकडे बघायचं नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शहरांतले हे वसंतातले उत्सव चालू राहावेत, वाढावेतही. फक्त त्यांत रोपं लावण्याचा कार्यक्रम नको, आणि गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांचं काय झालं याचा हिशेब त्याच मांडवात, गुलाबांच्या शेजारच्या टेबलावर, उघडा मांडलेला असावा. उत्सवात कसला हिशेब, असं कुणी विचारेल. मार्चअखेर आपण बाकी सगळ्याचे हिशेब करतो, मग याचाच का नाही?

हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही, त्याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रातल्या नागरी भागांतल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे. त्याखाली प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं. झाड तोडायची परवानगी त्याच कायद्याखाली मिळते, हे आपल्याला माहीत असतं. प्राधिकरणाच्या कर्तव्यांची यादी मात्र फार थोडे वाचतात. त्या यादीत झाडांचं जतन आहे, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आहे, रोपवाटिका चालवणं आहे, आणि त्याच यादीत वर्षातून निदान एकदा फुलं, फळं, भाज्या, झाडं यांचं प्रदर्शन भरवणंही आहे. म्हणजे ज्या प्रदर्शनाला एक गट ढोंग म्हणतो आणि दुसरा निरागस करमणूक, ते मुळात कायद्याने सांगितलेलं काम आहे, आणि तेही तोडण्याच्या अर्जांचा निर्णय करणाऱ्या यंत्रणेलाच. कायदा करणाऱ्यांनी दोन्ही कामं एकाच दारात ठेवली. आपण मधे भिंत बांधली.

तरी ढोंग म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलक्यात घेण्यासारखा नाही. उत्सवाने झाकपाक होते, याचे पुरावे जगभर पडलेले आहेत. ब्रिटनमधल्या लिव्हरपूलमध्ये १९८१ साली दंगली झाल्या, शहर बेकारीने पोखरलेलं होतं. त्यावर सरकारने काढलेल्या उपायांपैकी एक म्हणजे १९८४चा आंतरराष्ट्रीय उद्यान महोत्सव. मर्सी नदीकाठच्या ओसाड, कचऱ्याने भरलेल्या जमिनीवर बागा उभ्या राहिल्या, काही महिन्यांत तीस लाखांवर माणसं येऊन गेली, फोटो निघाले. महोत्सव संपला आणि त्या जागेचे वर्षानुवर्षं हाल झाले. पॅगोड्यांवर गवत माजलं, कुलपं गंजली. त्यातला काही भाग लोकांसाठी पुन्हा उघडायला २०१२ उजाडलं. आपल्याकडे तर इतकं लांब जायला नको. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्याने दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहेतीस कोटी अशी चढती उद्दिष्टं ठेवून वृक्षलागवड केली. पाढ्यासारखे आकडे वाढत गेले. लावलेल्यातली किती जगली, यावर मग विधिमंडळात वाद झाला आणि २०२१मध्ये चौकशीसाठी समिती नेमायची वेळ आली. खड्डा खणतानाचा फोटो प्रत्येकाकडे आहे, तिसऱ्या उन्हाळ्यातल्या त्याच झाडाचा फोटो कुणाकडे आहे?

पण यातून ‘प्रदर्शन बंद करा’ हा निष्कर्ष कसा निघतो, ते मला कळत नाही. पुष्पप्रदर्शन रद्द झालं म्हणून कुठल्या रस्त्याचं रुंदीकरण थांबलंय? उलट वर्षातून एकदाच का होईना, झाडांच्या निमित्ताने हजारो माणसं स्वतःच्या पायांनी एका जागी येतात, ती जागा आपण हातची घालवतो. हरकती नोंदवायला प्राधिकरणाच्या कार्यालयात किती जण जातात? मी एकदा गेलो होतो. सुनावणीला आम्ही पाच जण होतो, त्यात एक ठेकेदाराचा माणूस. त्याच आठवड्यात प्रदर्शनाच्या दाराशी रांग रस्त्यापर्यंत आलेली होती. गर्दी जिथे आहे तिथे प्रश्न न्यायचा की प्रश्न जिथे कुजतोय तिथे गर्दीची वाट बघायची?

महाराष्ट्राला तरी हे समजावून सांगायची गरज पडू नये. सार्वजनिक गणेशोत्सव नेमका कुणी सुरू केला यावर पुण्यात अजून वाद आहे, त्यात मी पडत नाही. पण १८९३च्या आसपास घरातला गणपती चौकात आला आणि टिळकांनी त्याला जे रूप दिलं, त्यात मेळे, व्याख्यानं, पदं सगळं आलं. राजकीय सभेला न येणारा माणूस गणपतीला येत होता, हे त्यांनी ओळखलं. पुढे त्या उत्सवात डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या हेही खरंच आहे, आणि दरवर्षी आपण त्यावर चडफडतो. तरी उत्सव बंद करा असं म्हणत नाही, आवाज कमी करा म्हणतो. फुलांच्या उत्सवाला वेगळा न्याय का?

बागकाम, कला आणि नागरिकांचा लढा हे तिन्ही धागे एकत्र वळता येतात याचं मला आवडणारं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. १९७३मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या साथीदारांनी मॅनहॅटनमधल्या एका उकिरड्यासारख्या रिकाम्या प्लॉटवर बाग केली. मग आसपासच्या गरीब वस्त्यांमध्ये, बरेचदा पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांनी, पडक्या इमारतींच्या जागांवर अशा शेकडो बागा फुलवल्या. जागा पालिकेच्या, श्रम लोकांचे. जागांचे भाव चढले तसा पालिकेचा डोळा त्यांच्यावर गेला. तेव्हा, १९९१पासून, मॅनहॅटनच्याच लोअर ईस्ट साइड भागात दर वसंतात एक मिरवणूक निघू लागली. मोठमोठ्या बाहुल्या, फुलांचे पोशाख, ढोल, आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत फिरणारं नाटक. बघणाऱ्याला वाटावं की पोरांची जत्रा आहे. पण त्या जत्रेमुळे बागा कुठे आहेत, किती आहेत, कोण सांभाळतं हे शहराला पाठ झालं. १९९९मध्ये महापौर जुलियानींनी शंभरावर बागा लिलावाला काढल्या तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली, सूर्यफुलाचा पोशाख घातलेला एक जण सिटी हॉलसमोरच्या झाडावर चढून बसला. शेवटी दोन संस्थांनी पैसे भरून त्या बागा वाचवल्या. म्हणजे जिंकले ते शेवटी पैसे मोजून, हे मान्य. पण आठ वर्षं बाहुल्या नाचवल्या नसत्या तर पैसे मोजायला तरी कोण पुढे आलं असतं?

आता ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. कामाच्या आठवड्यानंतर माणूस नातवाला घेऊन फुलं बघायला जातो, तिथेही कुणी पत्रक हातात कोंबून त्याला अपराधी वाटायला लावणार असेल तर तो पुढच्या वर्षी मॉलमध्ये जाईल. शिवाय सौंदर्याकडे नुसतं बघण्याचीही सवय लागावी लागते, आणि ती आंदोलनाच्या घोषणांनी लागत नाही. कबूल. पण फुलं बघणारे आणि लढणारे ही दोन वेगळी माणसं असतात, हे गृहीतच चुकीचं आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेचं बघा. १८६१पासूनची बाग, गोरखचिंचेचे जाडजूड बुंधे, मुंबईत दुसरीकडे सहज न दिसणारी कितीतरी झाडं. २००७च्या सुमाराला तिथल्या प्राणिसंग्रहालयाचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं नूतनीकरण करायचा भव्य आराखडा आला, आणि त्यात बागेचं काय होणार हा प्रश्न ज्यांना पडला, ते कुठल्या पक्षाचे कार्यकर्ते नव्हते. ते बागेत नेहमी येणारे, झाडांची नावं ठाऊक असलेले मोजके नागरिक होते. नावं ठाऊक होती म्हणून त्यांना यादी करता आली, आणि यादी होती म्हणून वारसा समितीपुढे बोलता आलं. पुढे प्राणिसंग्रहालयात पेंग्विन आले ते आले, पण मूळ आराखडा तसाच्या तसा पुढे गेला नाही. मुंबई महापालिकेचं फेब्रुवारीतलं पुष्पप्रदर्शन याच बागेत भरतं. (आणि फोर्टातल्या ज्या काळा घोडा महोत्सवाला १९९९पासून जानेवारी-फेब्रुवारीत झुंबड उडते, त्याचा मूळ काळा घोडा, इंग्लंडच्या राजपुत्राला पाठीवर घेऊन, १९६५पासून इथेच उभा आहे. दोन्हीकडे जाणाऱ्यांपैकी किती जण त्याच्याकडे मान वर करून बघतात, देव जाणे.)

इथवर उत्सव का हवा ते सांगितलं. आता तो चुकतो कुठे ते सांगतो. इथे मला दोन्ही गटांशी भांडायचंय, कारण दोघेही शेवटी एकाच कार्यक्रमावर येऊन थांबतात: चला, झाड लावू या.

तीन-चार वर्षांपूर्वी बावीस एप्रिलला, वसुंधरा दिनाच्या निमित्ताने, आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत अकरा रोपं लावायचं ठरलं. एका प्रायोजकाने ट्री गार्ड दिले, त्यांवर त्याच्या नावाच्या पिवळ्या पाट्या. मुलांनी आदल्या दिवशी चित्रं काढली होती, ती दोरीला टांगली. आमच्याकडे सोळा वर्षं येणारे माळीमामा पहार घेऊन सकाळपासून खड्डे खणत होते. पुण्यातली एप्रिलची जमीन. पहार आपटली की ठणका त्यांच्या खांद्यापर्यंत जाताना दिसायचा. मी पाण्याची बाटली द्यायला गेलो तर म्हणाले, “सायेब, आत्ता नका लावू. मिरगाला लावा. खड्डे तेवढे आत्ता करून ठेवतो, उन्हाने तापू द्या.” मी हे सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, पाहुणे निघालेत. रोपं लागली, टाळ्या झाल्या, मुलांना पन्हं मिळालं. मे महिन्यात टँकर सुरू झाले तेव्हा रोपांना पाणी घालायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? मिरग आला तोवर अकरापैकी दोन उरली होती. पाट्या अकराच्या अकरा शाबूत.

मामांना जे पहार हातात घेतल्यावर कळत होतं ते आम्हाला कळलं नाही, कारण आमचं कॅलेंडर उसनं होतं. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये १८७२ साली पहिला वृक्षदिन एप्रिलमध्ये साजरा झाला, कारण तिथे तेव्हा गोठलेली जमीन मोकळी होते. वसुंधरा दिनही १९७०मध्ये तिथल्याच एप्रिलमध्ये जन्मला. तिथल्या वसंताला पुढे ओलावा आणि ऊब असते. आपल्या वसंतापुढे वैशाख असतो. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. १९५०मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, त्यांना हे कळत होतं. शेतकऱ्याला तर कुणी सांगावंच लागलं नाही. मग शहरातल्या शिकलेल्या माणसांनाच चैत्रात रोप लावण्याची हौस कुठून आली?

आपला वसंत असतो कसा, तेही आपण नीट बघत नाही. तो हिरवा नसतोच. पानं गाळून बसलेली काटेसावर, पांगारा, पळस एकदम लाल-केशरी पेटतात, टेकडीवर सोनसावरीच्या काटक्यांना पिवळी धमक फुलं येतात, वायवर्ण पांढरा-पिवळा होतो, मग बहावा. या झाडांनी कोरड्या दिवसांशी शेकडो पिढ्या जमवून घेतलंय. पण फोनमधले फोटो कशाचे? विक्रोळीला द्रुतगती मार्गालगत गुलाबी टॅबेबुया फुलला की ‘मुंबईचा चेरी ब्लॉसम’, पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प फुलला की ‘पुण्याचा चेरी ब्लॉसम’. दोन्ही झाडं मध्य अमेरिकेकडची. दिसतात सुंदर, त्यांच्याशी माझं वैर नाही. पण टेकडीच्या टेकडी गिरिपुष्पाने भरली की खाली दुसरं काय उगवतं ते एकदा जाऊन बघावं, आणि आपल्या पांगाऱ्याला जपानच्या फुलाचं नाव न लावता दाद देता येते का, तेही. वसंतातल्या उत्सवाचं पहिलं काम एवढंच असू शकतं: माणसांना वॉर्डातल्या फुललेल्या झाडाखाली नेऊन उभं करणं. त्याला मांडवही लागत नाही.

दुसरं काम जमिनीवर पडलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि सकाळी सातला गल्लीच्या तोंडाशी धूर दिसतो. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६च्या डिसेंबरात मनाई केली, साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. धूर दिसला की आपण झाडणाऱ्या बाईंवर ओरडतो. त्यांना दहाच्या आत ठरलेला रस्ता झाडून संपवायचा असतो आणि पानं न्यायला वेगळी गाडी नसते, हे कोण विचारतं? ज्या पानांचा आपण धूर करतो, ती पानं त्याच रस्त्यावरच्या गेल्या जूनमधल्या रोपाच्या बुडाशी वीतभर पसरली तर त्याचं पाणी बरंच हळू उडेल. रोप वाळतंय आणि त्याच्यापासून चार पावलांवर त्याचं पांघरूण जळतंय, असं हे दृश्य आहे. पुण्यात २०१६पासून ‘ब्राऊन लीफ’ नावाचा उपक्रम चालतो. ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्यांना बागेला हवी आहेत त्यांची गाठ घालून देणं, एवढं साधं काम. २०१८मध्ये ‘आंघोळीची गोळी’ या चमत्कारिक नावाच्या संस्थेने झाडांना ठोकलेले खिळे काढायची मोहीम सुरू केली, ती पुढे इतर गावांतही गेली. दोन्हींत नवं झाड लावलेलं नाही. आहे ते जगवलंय. मुलांना असं काही हाताने करायला द्या. पक्कडीने खिळा उपटल्यावर मुलाच्या तोंडावर जे येतं, ते ट्री गार्डवर रिबीन बांधताना येत नाही. आणि चित्रकारांना विनंती अशी की बुंध्यावर ऑइलपेंटने मोर काढू नका. साल म्हणजे कॅनव्हास नव्हे. भिंती भरपूर आहेत.

आता ते टेबल. २०२१मध्ये १९७५च्या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसावृक्ष म्हणायचं ठरलं. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं बदल्यात लावायची, आणि ती सात वर्षं सांभाळायची, असंही आलं. कागदावर चांगलं आहे. पण सात वर्षं म्हणजे सात उन्हाळे. ते कोण मोजतं? प्रदर्शनात प्रत्येक गुलाबाशेजारी कार्ड असतं: जात, स्पर्धकाचं नाव, क्रमांक. तसंच एका टेबलावर प्रत्येक वॉर्डाचं कार्ड ठेवा. गेल्या वर्षी तोडायला परवानगी दिलेली इतकी, बदल्यात लावलेली इतकी, ती कुठे, आज जिवंत इतकी. चालू प्रस्तावांची यादी आणि हरकतीचे कोरे फॉर्म बाजूला. वृक्ष अधिकारी उद्घाटनाला येतातच, त्यांनी फीत कापून झाल्यावर तासभर त्या टेबलामागे बसावं. ज्याला नुसती फुलं बघायचीत तो पुढे जाईल, त्याला कुणी अडवणार नाही. ही सक्ती कशी होते, आणि यात पक्षीय काय आहे?

अधिकारी म्हणतील, एवढी माहिती तयार नसते. नसेल, तर टेबलावर रिकामं कार्ड ठेवावं. रिकामं कार्डही लोकांना वाचता येतं.

या सगळ्यावरचा सर्वांत बोचरा आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो दोन्ही गटांपैकी कुणी घेत नाही. हे उत्सव आहेत कुणाचे? आपल्याकडे वसंतातली कला आणि मोसमाचं खाणं यांचं घरगुती प्रदर्शन जुनंच आहे, त्याचं नाव चैत्रगौर. अंगणात चैत्रांगणाची रांगोळी, गौरीपुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास, भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ, पन्हं. ऋतूत जे मिळतं त्यावरच भागवायचं, प्लॅस्टिकचा प्रश्न नाही, आणि बायका घरोघर जाऊन एकमेकींची आरास बघणार. माझ्या आजीच्या घरी आरशासमोर कलिंगडाचं कमळ कापून ठेवलेलं मला आठवतं. पण हळदीकुंकवाला बोलावणं कुणाला होतं? ठरावीक घरांना, आणि त्यातही सवाष्णींना. आरास मांडायला मदत करणारी विधवा आत्या माजघरात बसून असायची. आजचं पुष्पप्रदर्शन तिकीट काढून कुणालाही बघता येतं, एवढा फरक पडला खरा. पण बक्षीस कुणाला मिळतं ते बघा. कार्डावर बंगल्याच्या मालकाचं नाव असतं, आणि सकाळी सहाला टेम्पोतून कुंड्या उतरवून पाकळ्यांवर पंपाने पाणी मारणारा माळी टेबलामागे उभा असतो. ज्या पुणे शहरात पेशव्यांना फुलं पुरवणाऱ्या माळ्यांच्या घराण्याचं गोऱ्हे हे आडनाव बदलून फुले झालं, आणि त्याच घरातल्या जोतीरावांनी राबणाऱ्याचा प्रश्न समाजाच्या मध्यावर आणून ठेवला, त्या शहरात फुलांच्या कार्डावर माळ्याच्या नावाला जागा असू नये?

हे माझ्या मते हिशेबाच्या टेबलाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि खर्च तर शून्य. कार्डावर एक ओळ वाढवायची. शिवाय त्यात स्वार्थ आहे. आमच्या माळीमामांना त्या दिवशी कार्यक्रमात बोलायला मिळालं असतं, तर आमची नऊ रोपं वाचली असती. त्यांना बोलू दिलं नाही कारण त्यांच्या हातात पहार होती आणि पाहुण्यांच्या हातात माइक.

एवढं सगळं त्या चार दिवसांवर लादलं तर गंमत उरेल का, अशी शंका आमच्या शेजारच्या काकूंनी घेतली. त्या गेली कितीतरी वर्षं पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनाला, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला, न चुकता जातात आणि तिथल्या गारंबीच्या महाकाय वेलीला हात लावून येतात. मला त्यांची शंका पटली नाही तरी तिने मी थोडा थांबलो. खरंच, टेबलं, कार्डं, फॉर्म यांच्यात वेलीला हात लावायचा राहून गेला तर सगळंच फुकट. म्हणून मी पुन्हा सांगतो, टेबल एकच असावं, आणि ते गुलाबांच्या शेजारी असावं, दारात नको.

यंदा आमच्याकडे बावीस एप्रिलचा कार्यक्रम झाला नाही. पाडव्याच्या सकाळी गुढ्या उभारून झाल्यावर आम्ही सात-आठ जण मामांना घेऊन कुंपणाच्या कडेने फिरलो. गेल्या मिरगाला लावलेली चौदा, जिवंत नऊ, एक संशयित. संशयिताच्या सालीला मामांनी नखाने खरवडलं, आत हिरवं दिसलं, म्हणाले, “हाय. पानं टाका बुडाला.” मुलांनी पार्किंगमधून पानांची दोन पोती आणून ओतली. पार्किंगच्या खांबावर खडूने लिहिलं: १४ पैकी १०, पाहणी माळीमामा. संध्याकाळी ग्रुपवर तक्रार आली की सणाच्या दिवशी खांब खराब केला. ती अजून चालू आहे, आणि खडूही अजून पुसलेला नाही.